कसबा पेठ : पायी बघायचे पुणे

पुण्यात बाहेरगावचा पाहुणा आला की त्याला शनिवारवाडा दाखवायचा, दगडूशेठच्या गणपतीला न्यायचे, तुळशीबागेत खरेदी उरकायची आणि बाकरवडीचा पुडा हातात देऊन गाडीत बसवायचे, असा रिवाजच पडून गेला आहे. ज्या वस्तीपासून पुणे वाढले ती कसबा पेठ या धावपळीत राहूनच जाते. शनिवारवाड्यापासून ती हाकेच्या अंतरावर आहे. मात्र तिथे गाडीचा उपयोग नाही, पायीच जायला हवे.

सुरुवात शनिवारवाड्यापासून करायला हरकत नाही. १० जानेवारी १७३० रोजी पहिल्या बाजीरावांनी त्याचा पाया घातला आणि दोन वर्षांनी वास्तुशांत झाली. १८२८च्या आगीत आतल्या इमारती जळून गेल्या. आज दिसतात ते तट, बुरूज, जोती आणि हजारी कारंज्याचे सोळा पाकळ्यांचे कमळ. या कारंज्याला पाणी यायचे ते कात्रजच्या तलावांतून. नानासाहेब पेशव्यांनी बांधून घेतलेल्या नळांमधून ते केवळ उताराच्या जोरावर शहरात येई आणि वाटेतल्या हौदांमध्ये पडे. दिल्ली दरवाज्यावरचे अणकुचीदार खिळे हात लावून बघावेत, नगारखान्यावर चढून यावे आणि मग पूर्वेकडचा रस्ता धरावा.

पलीकडे लागतो तो लाल महाल. पाहुण्याला हे आधीच सांगितलेले बरे, की ही वास्तू शिवकालीन नाही. शहाजीराजांचा मूळ महाल केव्हाच नाहीसा झाला आणि आजची इमारत महापालिकेने १९८०च्या दशकात उभारली. पण बालशिवाजी आणि जिजाऊ राहिल्या त्या याच परिसरात. एप्रिल १६६३मधल्या त्या रात्री शायिस्ताखानाची बोटे तुटली, तीही इथेच. त्याआधी आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने पुणे उद्ध्वस्त करून त्यावर गाढवाचा नांगर फिरवला होता. जिजाऊंनी गाव पुन्हा वसवले ते सोन्याच्या फाळाचा नांगर फिरवून, असे परंपरा सांगते. त्याच काळात त्यांनी कसबा गणपतीचे देऊळ बांधले. देऊळ बाहेरून साधे आहे आणि मूर्ती म्हणजे शेंदराचा तांदळा. तरीही हे पुण्याचे ग्रामदैवत आहे, आणि विसर्जन मिरवणुकीत मानाचा पहिला गणपती कसब्याचाच असतो.

देवळातून बाहेर पडले की खरा कसबा सुरू होतो. पेशवाईत पेठांना वारांची नावे मिळाली. कसब्याच्या आळ्यांनी मात्र आपली नावे धंद्यांवरून घेतली: तांबट आळी, शिंपी आळी, बुरूड आळी, भोई आळी, नदीच्या अंगाला कुंभारवाडा. आता बऱ्याच आळ्यांमध्ये नावच उरले आहे, धंदा गेला.

तांबट आळीत तो अजून शिल्लक आहे, आणि आळी दिसण्याआधी ऐकू येते. एखाद्या अरुंद कामाच्या खोलीत कारागीर जमिनीवर बसलेला असतो, समोर रोवलेल्या लोखंडी आधारावर तांब्याचे भांडे उपडे घातलेले. डावा हात भांडे कणाकणाने फिरवत राहतो आणि उजव्या हातातली गुळगुळीत तोंडाची हातोडी एकाच लयीत पडत राहते. प्रत्येक ठोक्याचा एक चकचकीत गोल ठसा उमटतो, आणि त्याला चिकटून पुढचा. खुणेसाठी रेघ आखलेली नसते, तरी ठशांच्या ओळी वाकड्या होत नाहीत. हे मठारकाम. ते नुसते शोभेसाठी नाही. तापवून मऊ केलेला तांब्याचा पत्रा या ठोक्यांनी कठीण होतो आणि भांड्याला पोचा पडत नाही. पूर्वी घरोघर लागणारे बंब, घंगाळी, हंडे इथून जात. स्टेनलेस स्टीलने ते गिऱ्हाईक नेले. आता मागणी असते ती जास्त करून तांबे, पेले आणि दिवाणखान्यातल्या शोभेच्या वस्तूंना. आवाजाची, धुराची आणि कमी मिळकतीची ही मेहनत पुढच्या पिढीने का करावी, हा प्रश्न आळीत कुणालाही विचारता येतो आणि त्याचे सोपे उत्तर कुणाकडेच नाही.

चालता चालता वाड्यांकडेही बघावे. मोठ्या दरवाज्यातली छोटी दिंडी, आत चौक, चौकाभोवती ओसरी, सुरूच्या घाटाचे सागवानी खांब. वारसांची भांडणे, जुजबी भाडी आणि खचणाऱ्या भिंती यांत अडकलेले हे वाडे एकेक करून पडत आहेत आणि त्यांच्या जागी तीन-चार मजली इमारती उठत आहेत. राहणाऱ्यांना पक्के घर आणि नळाचे पाणी हवे, यात त्यांचे काही चुकत नाही. पण वाडा पाडण्याआधी त्याचा नकाशा नि छायाचित्रे काढून ठेवायला फार पैसा लागत नाही. तेवढे तरी व्हायलाच हवे.

नागझरी ओलांडली की सोमवार पेठेत, घरांच्या गर्दीत दडलेले त्रिशुंड गणपतीचे देऊळ भेटते. या फेरीतली सर्वांत देखणी वास्तू हीच, शनिवारवाड्याहूनही. भीमगीरजी गोसावी यांनी १७५४मध्ये काम सुरू केले आणि ते १७७०मध्ये पूर्ण झाले. मोरावर बसलेल्या तीन सोंडांच्या गणपतीची मूर्ती विलक्षण आहेच, पण खरी करामत दर्शनी भिंतीवर आहे. काळ्या दगडात द्वारपाल, हत्ती, वेलबुट्टी कोरली आहे आणि या गर्दीत एका पट्टीवर टोपीवाले इंग्रज शिपाई साखळदंडाने गेंडा बांधताना दिसतात. गेंडा हा बंगाल-आसामकडचा प्राणी. प्लासीची लढाई झाली १७५७मध्ये, म्हणजे देवळाचे काम चालू असताना. पूर्वेकडे इंग्रजांनी हातपाय पसरल्याची बातमी पुण्याच्या पाथरवटाने दगडात नोंदवली, असा अर्थ अभ्यासक लावतात, आणि शिल्पासमोर उभे राहिल्यावर तो पटतो. आत गर्भगृहाच्या भिंतीवर संस्कृतबरोबर फारसी शिलालेखही आहे.

अंतर सगळे मिळून दोन किलोमीटरही भरत नाही, पण सकाळ मोकळी ठेवावी. कसबा पेठेचे भुयारी मेट्रो स्थानक सप्टेंबर २०२४मध्ये सुरू झाले आहे, त्यामुळे गाडी लावायची चिंताही मिटली. सणावाराची गर्दी टाळून कामाच्या दिवशी यावे, म्हणजे तांबटांच्या हातोड्या चालू असतील. फोटो काढण्याआधी कारागिराला विचारावे, आणि आवडलेला तांब्या घासाघीस न करता त्याच्याकडूनच विकत घ्यावा.