कॅसेटच्या दुकानातला गेम

ऑफिसात पर्चेसवाला व्हेंडरला पिळतो, व्हेंडर डिलिव्हरी लटकवतो आणि मीटिंगमध्ये दोघंही 'विन-विन'च्या गप्पा मारतात. ओळखीचा सीन वाटतोय ना? गेम थिअरीवाले याच भांडणावर पीएच.डी. करतात. कंटाळू नका, गोष्ट सिनेमाची आहे!

१९९८ च्या आधी अमेरिकेतली 'ब्लॉकबस्टर' ही दुकानांची साखळी स्टुडिओकडून व्हिडिओ कॅसेट साधारण ६५ डॉलरला घ्यायची. भाडं ३ डॉलरच्या आसपास. म्हणजे कॅसेट २२ वेळा भाड्याने गेली की कुठे पैसे वसूल. आणि नवा पिक्चर धावणार पहिले काही आठवडे, मग कॅसेट धूळ खाणार. साहजिकच दुकान मोजक्याच कॅसेट मागवायचं आणि गिऱ्हाईक हात हलवत परत जायचं. यात येडं कुणीच नव्हतं बरं का. स्टुडिओ आपला नफा बघत होता, दुकान आपला. पण दोघांनी आपापलं मार्जिन चढवलं की माल कमी खपतो आणि एकूण कमाईच आटते. या दुखण्याचं नाव 'डबल मार्जिनलायझेशन'.

मग सौदा बदलला. कॅसेट सुमारे ८ डॉलरला, वर भाड्यातला जवळपास निम्मा वाटा स्टुडिओला. दुकानाला एका फेरीचे दीड डॉलर, म्हणजे सहाव्या फेरीतच वसुली! फळ्या भरल्या. जेरार्ड कॅशॉन आणि मार्टिन लॅरिव्हिएर यांनी २००५ मध्ये याचं गणित मांडलं. घाऊक भाव उत्पादनखर्चाच्याही खाली आणा, बाकीचं वाट्यातून घ्या. मग दोघं एकच कंपनी असते तर जेवढा माल मागवला असता, तेवढाच दुकान स्वतःहून मागवतं. गोम एकच. भाड्याचा आकडा दुकान सांगणार, त्यामुळे नोंदी चोख हव्यात. (ब्लॉकबस्टर २०१० मध्ये दिवाळखोरीत गेली, पण तो वेगळाच पिक्चर.)

आपल्याकडे २००९ मध्ये हाच वाटा पेटला. निर्माते विरुद्ध मल्टिप्लेक्स. एप्रिलपासून सुमारे दोन महिने मल्टिप्लेक्सना मोठे नवे हिंदी सिनेमेच मिळाले नाहीत. दोघांचाही खिसा फाटत होता आणि दोघंही समोरचा आधी वाकण्याची वाट बघत होते. अखेर जूनमध्ये निर्मात्यांचा वाटा ठरला: पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५, पुढे ३०. उतरती भांजणी अशासाठी की पिक्चर शिळा झाला तरी मल्टिप्लेक्सला तो लावून ठेवावासा वाटावा.

पॉपकॉर्नचे पैसे मात्र या वाटणीत नाहीत.