गिअरची सायकल घेताना गुडघ्यांनाही विचारा

आपल्या वस्तीत सायकल दोन कारणांनी घेतली जाते. एक पोटासाठी. डिलिव्हरीचं काम, पेपरची लाइन, चार सोसायट्यांत धुणीभांडी करणाऱ्या भगिनींची रोजची धावपळ. दुसरं तब्येतीसाठी. कुणाला साखर निघालेली असते, कुणाला डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितलेलं असतं, कुणाचा मुलगा भरतीची तयारी करत असतो. आता या सगळ्यांना गिअरची सायकल हवी असते, आणि तरुण मुलांना तर बारीक टायरची, वाकड्या हँडलची रेसिंग सायकल. दुकानात रंग आणि "२१ गिअर" हा स्टिकर बघून हप्ता बांधला जातो. सहा महिन्यांत चेन पडायला लागते, गुडघा धरतो आणि सायकल जिन्याखाली जाऊन पडते. हप्ता मात्र चालूच राहतो. म्हणून पैसे देण्याआधी काय बघायचं, ते समजून घेऊ.

गिअर म्हणजे काय?

गिअर म्हणजे दात्यांचा हिशेब. पुढच्या चक्रीचे दाते भागिले मागच्या चक्रीचे दाते. पुढे ४४ आणि मागे २२ दाते असतील, तर पायडलच्या एका फेरीत मागचं चाक दोनदा फिरतं. साध्या २६ इंची चाकाचा घेर दोन मीटरच्या आसपास असतो, म्हणजे एका फेरीत तुम्ही चार मीटर पुढे जाता. पुढे २८ आणि मागेही २८ असतील, तर एका फेरीत दोनच मीटर जाल, पण जोर निम्माच लागेल. चढाला हा हलका गिअर लागतो. सपाट रस्त्याला जड गिअर चालतो.

गिअर नसलेल्या सायकलवर चढ आला की सगळा भार मांडीच्या स्नायूंवर आणि तिथून गुडघ्याच्या वाटीवर येतो. दवाखान्यात असताना गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखतं म्हणून येणारे सायकलवाले मी पुष्कळ पाहिले. त्यातले बरेचजण जड गिअरवर, सीट खाली ठेवून सायकल ओढणारे असायचे. जड गिअर म्हणजे जास्त व्यायाम, हा समज सोडून द्या. पाय हलके आणि भरभर फिरले पाहिजेत. नाडी मोजतो तसं मोजा. १५ सेकंदांत एक पाय किती वेळा खाली जातो ते बघा आणि त्याला चारने गुणा. मिनिटाला ६० ते ८० फेऱ्या आल्या तर गिअर बरोबर आहे. ५० च्या खाली आल्या तर गिअर हलका करा.

२१ गिअर खरंच २१ असतात का?

नसतात. पुढे तीन चक्र्या आणि मागे सात, म्हणून तीन साते एकवीस. अशा सायकलींत पुढे ४२, ३४, २४ आणि मागे १४ पासून २८ दाते हा मेळ सर्रास दिसतो. आता हिशेब करा. ४२ भागिले २० म्हणजे २.१. ३४ भागिले १६ म्हणजेही साधारण २.१. गिअर दोन, पण पायाला लागणारा जोर एकच. असे जुळे गिअर वजा केले की कामाचे दहा-बाराच उरतात. शिवाय पुढे सगळ्यात मोठी आणि मागेही सगळ्यात मोठी चक्री लावली, तर चेन तिरपी ताणली जाते आणि लवकर झिजते. दोन्हीकडे सगळ्यात छोटी लावली तरी चेन तिरपीच पडते.

त्यामुळे गिअर किती हे विचारू नका. सगळ्यात हलका गिअर कोणता, ते विचारा. पुढची सगळ्यात छोटी चक्री आणि मागची सगळ्यात मोठी चक्री, यांचे दाते मोजा. पुण्यात पर्वती पायथा, मुंबईत घाटकोपरचा असल्फा अशा चढावरच्या वस्तीत राहणाऱ्यांनी पुढचे दाते मागच्याइतके किंवा त्याहून कमी असलेली सायकल बघावी. मागे १४-२८ ऐवजी १४-३४ ची चक्री मिळाली तर चढ सोपा होतो. सपाट गावात राहणाऱ्याला पुढे एकच चक्री आणि मागे सात गिअर पुरतात. पुढची गिअर बदलण्याची यंत्रणाच नसते, त्यामुळे बिघडायला एक गोष्ट कमी.

रेसिंग सायकल हवी असेल तर

रोड बाइकला पुढे बहुधा ५० आणि ३४ अशा दोन चक्र्या असतात. शिमानो या जपानी कंपनीच्या रोडच्या सामानात क्लॅरिस मागे आठ गिअरचं, सोरा नऊचं आणि टियाग्रा दहाचं. रोजच्या वापराला आणि सरावाला क्लॅरिस पुरेसं आहे. गिअर वाढले की चेन बारीक आणि महाग होत जाते. मागे ११-२८ पेक्षा ११-३२ असेल तर घाटात गुडघे वाचतात. स्वस्त सायकलींवर दिसणारं टूर्नी हे शिमानोचं सगळ्यात खालच्या दर्जाचं सामान. ते वाईट नाही, पण त्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

मागची चक्री फ्रीव्हील आहे की कॅसेट, हे विचारा. फ्रीव्हील हबवर आट्यांनी बसवलेलं असतं, त्यामुळे मागच्या एक्सलचा बराच भाग आधाराशिवाय राहतो. वजनदार माणूस किंवा डिलिव्हरीची जड बॅग असेल तर तो एक्सल वाकू शकतो. कॅसेटच्या हबमध्ये बेअरिंग टोकाजवळ असतं, म्हणून तो टिकतो. रोज ओझं वाहणाऱ्याने चार पैसे जास्त घालायचे असतील तर ते इथे घालावेत.

रोड बाइक घेण्याआधी आणखी दोन गोष्टी बघा. कॅरिअर आणि मडगार्ड लावायला फ्रेमवर भोकं आहेत का? बऱ्याच रेसिंग सायकलींवर नसतात, मग डबा-दप्तर पाठीवर आणि सगळा भार कमरेवर. दुसरं, ट्यूबचा वॉल्व्ह. बारीक प्रेस्टा वॉल्व्ह असेल तर कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याचा पंप बसणार नाही. त्याचं छोटं कनेक्टर घेऊन ठेवा. टायर २८ किंवा ३२ चा घ्या. २३ चा टायर आपल्या खड्ड्यांत पंक्चर होतो आणि हाताला हादरे देतो.

ब्रेक: इथे काटकसर नको

चमकणारी स्टीलची रिम पावसात भिजली की रबरी ब्रेक नीट धरत नाही. अॅल्युमिनियमच्या रिमवर पकड चांगली राहते. ओळखायला खिशात लोहचुंबक न्या. चिकटलं तर रिम लोखंडी. डिस्क ब्रेक असेल तर दुकानातच चाक उचलून फिरवा आणि घासण्याचा आवाज येतो का ते ऐका.

माप अंगाला, वयाला नाही

"पोरगं वाढतंय, मोठीच घेऊ" असं करू नका. सायकलच्या दांडीवर दोन्ही पाय टेकून उभं राहा. दांडी आणि अंगामध्ये किमान एक इंच जागा हवी. मग सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा. पायडल सगळ्यात खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे. पंजा ठेवल्यावर गुडघ्याला थोडा बाक येतो, तो बरोबर. गुडघा पुढून दुखला तर बहुतेक सीट खाली आहे, मागून दुखला तर वर. हाताची करंगळी बधिर व्हायला लागली तर हँडलवर वजन जास्त पडतंय. साडी किंवा ओढणी वापरणाऱ्या भगिनींनी चेनकव्हर असलेलीच सायकल घ्यावी.

घेतल्यानंतर

नव्या सायकलच्या तारा पहिल्या काही आठवड्यांत सैल होतात आणि गिअर अडकायला लागतो. ही बिघाडी नव्हे. पहिली सर्व्हिस फुकट आहे का, ते बिलावर लिहून घ्या. चेनचे २४ दुवे साध्या पट्टीने मोजा. नवीन असताना ते १२ इंच भरतात. एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, वाढायच्या आत चेन बदला. अर्ध्या सुतावर बदलली तर आणखी चांगलं. उशीर झाला तर मागची चक्रीही बदलावी लागते आणि खर्च दुप्पट होतो.

ज्यांना साखर, बीपी किंवा हृदयाचा त्रास आहे, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारून सपाट रस्त्यावर १५ मिनिटांपासून सुरुवात करावी. छातीत दुखलं किंवा दम लागून बोलता येईना, तर तिथेच उतरा आणि दवाखाना गाठा.

दुकानात जाताना पट्टी, लोहचुंबक आणि सायकल चालवणारं माणूस, तिन्ही सोबत न्या. एक फेरी मारू द्यायला दुकानदार तयार नसेल, तर दुसरं दुकान बघा.