प्लेसर निक्षेप आणि धातुक : एका संज्ञाद्वयाचा पुनर्विचार

प्रस्तावना

भूशास्त्राच्या आणि आर्थिक भूगोलाच्या अध्यापनात 'प्लेसर निक्षेप' आणि 'धातुक' या संज्ञा पुष्कळदा परस्परविरोधी म्हणून मांडल्या जातात. नदीच्या वाळूत मोकळ्या कणांच्या रूपाने मिळते ते प्लेसर आणि खडक फोडून काढावे लागते ते धातुक, असे या मांडणीचे स्वरूप असते. ती लक्षात ठेवण्यास सोपी असली तरी तिच्यात दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे एकाच रांगेत बसविलेली आहेत. एखादा खनिजसाठा कसा तयार झाला, हे प्लेसर ही संज्ञा सांगते. तो काढणे परवडते की नाही, हे धातुक ही संज्ञा सांगते. प्लेसरची खरी जोडी जमते ती शिरा-निक्षेपाशी, म्हणजे मूळ खडकाच्या भेगांत खनिज जागच्या जागी साकळून तयार झालेल्या साठ्याशी. हा भेद केवळ शब्दांचा नसून त्यावर जमिनीचे हक्क, नद्यांचे भवितव्य आणि आपल्या किनाऱ्याविषयीचे निर्णय अवलंबून राहिले आहेत, हे प्रस्तुत लेखात काही उदाहरणांच्या आधारे स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

धातुक : एक आर्थिक संज्ञा

मराठीत या गोंधळाला शब्दांनीही हातभार लावला आहे. 'खनिज', 'धातुक', 'कच्ची धातू' आणि 'अशुद्ध धातू' हे शब्द बोलण्यात आणि लेखनातही एकमेकांच्या जागी वापरले जातात. वास्तविक खनिज म्हणजे निश्चित रासायनिक घटना असलेला नैसर्गिक पदार्थ होय. ज्या खडकातून किंवा गाळातून असे खनिज अथवा त्यातील धातू फायद्यात काढता येते, त्याला धातुक म्हणावयाचे. या व्याख्येत भूशास्त्राइतकाच बाजारभावाचा, वाहतुकीचा आणि तंत्राचा वाटा आहे. लोखंडाच्या धातुकात निम्म्याहून अधिक लोह अपेक्षित असते. तांब्याच्या बाबतीत अर्धा टक्काही पुरतो. सोन्याच्या बाबतीत तर टनामागे काही ग्रॅम मिळाले तरी खाण चालते. गोव्यात पूर्वी टाकाऊ समजून ढिगांत रचून ठेवलेले कमी प्रतीचे लोहखनिज २००० नंतरच्या दशकात चीनची मागणी वाढताच निर्यातयोग्य ठरले. ढिगातील दगड होता तोच होता. बदलला तो भाव.

प्लेसर : पाण्याने केलेली पाखडण

प्लेसर निक्षेप तयार होण्याची प्रक्रिया धान्य पाखडणाऱ्या सुपासारखी आहे. ऊन, पाऊस आणि आम्लधर्मी पाणी यांमुळे मूळ खडकाचे विदारण होते. त्यातील मऊ आणि रासायनिकदृष्ट्या दुर्बल खनिजे विघटित होऊन मातीत जातात. टिकाऊ खनिजे मोकळी होतात, वाहत्या पाण्याबरोबर पुढे सरकतात आणि प्रवाहाचा वेग जेथे मंदावतो तेथे त्यांतील जड कण आधी बसतात. नदीच्या वळणाची आतली बाजू, धबधब्याखालचे रांजणखळगे, पात्रातील कातळाच्या आडव्या भेगा ही त्यांची हक्काची ठिकाणे होत.

येथे घनतेचा परिणाम दिसतो त्याहून मोठा असतो. सोन्याचे विशिष्ट गुरुत्व १९.३ आणि क्वार्ट्झचे २.६५, म्हणजे हवेत सोने सुमारे सातपट जड. पण पाण्यात प्रत्येक पदार्थाच्या वजनातून तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याचे वजन वजा होते. १८.३ ला १.६५ ने भागले असता हे गुणोत्तर ११ च्या वर जाते. परातीत वाळू घोळवून सोने वेगळे काढता येते ते या फरकामुळे. सोनाराच्या दुकानातील धूळ आणि राख धुऊन सोन्याचे कण मिळविणारे झारेकरी याच तत्त्वावर पिढ्यान्‌पिढ्या काम करीत आले.

मात्र केवळ जडपणा पुरेसा नाही. पायराइटचे विशिष्ट गुरुत्व ५ च्या आसपास असूनही आजच्या नद्यांच्या प्लेसरमध्ये ते सहसा टिकत नाही, कारण हवेतील ऑक्सिजनने ते गंजून जाते. सोने, प्लॅटिनम, कॅसिटेराइट, इल्मेनाइट, झिरकॉन, मोनाझाइट आणि हिरा यांच्या अंगी मात्र टिकाऊपणा आहे. दक्षिण आफ्रिकेतील विटवॉटर्सरँड येथील अतिप्राचीन गोटेमय थरांत सोन्याबरोबर पायराइटचे गोलावलेले कण आढळतात. ते थर साचले त्या काळी वातावरणात ऑक्सिजन अत्यल्प होता, असे अनुमान त्यावरून काढले जाते. हे सोने नद्यांनी आणून टाकले आणि पुढे उष्ण द्रवांमुळे ते थोडेफार जागचे हलले, हे मत आज बहुतांश मान्य आहे. म्हणजे उत्पत्तीने प्लेसर असलेला हा साठा आज कठीण खडकाच्या रूपात, काही ठिकाणी ३ किलोमीटरहून अधिक खोलीवरून काढला जातो. 'वाळूतले ते प्लेसर, खडकातले ते धातुक' ही विभागणी येथे पूर्णपणे कोलमडते.

कॅलिफोर्निया आणि नेवाडा : वाळूकडून शिरेकडे

२४ जानेवारी १८४८ रोजी कॅलिफोर्नियातील कोलोमा येथे लाकूड कापण्याच्या गिरणीच्या पाटात जेम्स मार्शल याला सोने दिसले, ते प्लेसर सोने होते. ते मिळविण्यास भांडवल लागत नव्हते. परात, फावडे आणि आडव्या पट्ट्या ठोकलेली लाकडी पन्हळ एवढ्यावर एकटा माणूसही काम करू शके. हजारो माणसे तिकडे धावली त्यामागे सोन्याच्या आकर्षणाइतकाच साठ्याचा हा प्रकार कारणीभूत होता. खडक फोडण्याचे, दळण्याचे आणि मळापासून धातू अलग करण्याचे काम नदीने आधीच उरकले होते. थोड्याच वर्षांत वरवरचे साठे संपत आले आणि लोक प्रवाहाच्या उलट दिशेने, सोने जेथून आले त्या क्वार्ट्झच्या शिरांकडे वळले. ग्रास व्हॅली परिसरात शिरांचे खनन सुरू झाले तेव्हा बोगदे, पाणी उपसणारे पंप आणि दगड कुटणाऱ्या गिरण्या लागल्या. एकट्यादुकट्याचा व्यवसाय कंपन्यांचा आणि मजुरांचा झाला.

शेजारच्या नेवाडातील १८५९ ची घटना अधिक बोधक आहे. तेथे प्लेसर सोने धुणाऱ्यांच्या पन्हळीत एक जड, निळसर काळा चिखल अडकून बसे. वैतागून ते तो फेकून देत. त्याचा नमुना कॅलिफोर्नियात तपासला गेला तेव्हा त्यात चांदी विपुल असल्याचे उघड झाले. तीच पुढे प्रसिद्धीस आलेली कॉमस्टॉक शिरा. परीक्षणाच्या आदल्या दिवशी तो चिखल धातुक नव्हता, दुसऱ्या दिवशी झाला!

शिरा आणि प्लेसर यांतील फरक कायद्यालाही टाळता आला नाही. अमेरिकेच्या १८७२ च्या खनन कायद्यात शिरेवरील दाव्यास १५०० फूट लांबी आणि ६०० फूट रुंदीची मर्यादा आहे. प्लेसरसाठी एका व्यक्तीस २० एकर क्षेत्र. शिरा कललेली असते आणि जमिनीखाली कोठेही जाऊ शकते. म्हणून शिरेचा माथा ज्याच्या हद्दीत, त्याला ती शेजाऱ्याच्या जमिनीखाली शिरली तरी तिचा पाठपुरावा करण्याचा हक्क देण्यात आला. प्लेसरचा साठा गाळाच्या थरासारखा पसरलेला, त्यामुळे तेथे असा हक्क नाही. कॉमस्टॉक येथील खडकात एकच शिरा आहे की अनेक, या भूशास्त्रीय प्रश्नावर १८६० च्या दशकात न्यायालयांत वर्षानुवर्षे वाद चालले. वकिलांचे त्यात भले झाले असावे.

प्लेसर खननाची किंमत खालच्या गावांनी मोजली. १८५३ पासून कॅलिफोर्नियात पाण्याच्या जोरदार फवाऱ्यांनी डोंगरउतारांवरील जुन्या नद्यांचे गाळ पाडून धुण्यास सुरुवात झाली. त्यातून निघालेल्या दगडमातीने युबा नदीचे पात्र उथळ झाले, शेते गाळाखाली गेली, मेरिसव्हिल गावाला पुरांचा धोका वाढला. अखेर १८८४ मध्ये न्यायाधीश लोरेन्झो सॉयर यांनी हा गाळ नद्यांत सोडण्यास मनाई केली आणि त्या पद्धतीचा जोर ओसरला.

काळी वाळू आणि कोकण

कॅलिफोर्नियाच्या परातीत सोन्याबरोबर तळाशी काळी वाळूही उरे. मॅग्नेटाइट, इल्मेनाइट आणि क्रोमाइट यांची ही वाळू सोने शोधणाऱ्यास अडचणीची. रत्नागिरी जिल्ह्यातील मालगुंड, काळबादेवी, पूर्णगड येथील पुळणींवर अशीच काळी वाळू पट्ट्यापट्ट्यांनी दिसते. तेथे सोने नाही. मोल आहे ते त्या काळ्या वाळूतील इल्मेनाइटला, कारण टायटॅनियम आणि रंगांत वापरावयाचे पांढरे टायटॅनियम डायऑक्साइड त्यापासून मिळते.

हे इल्मेनाइट मुख्यतः सह्याद्रीच्या बेसाल्टमधून आले आहे. दख्खनच्या बेसाल्टमध्ये टायटॅनियम डायऑक्साइडचे प्रमाण सामान्यतः २ ते ३ टक्के असते. तेवढ्यासाठी बेसाल्ट फोडून दळण्याचा विचार कोणी करणार नाही. म्हणून बेसाल्ट हे टायटॅनियमचे धातुक नव्हे. तोच कण आखूड, वेगवान नद्यांनी खाली आणला आणि दोन भूशिरांमधल्या उपसागरात पावसाळी लाटांनी हलकी वाळू बाजूला सारून साठविला, की धातुक होण्याच्या पात्रतेस येतो. येथे प्लेसर हेच धातुक आहे आणि त्याचा जनक खडक धातुक नाही. वर्गात सांगितल्या जाणाऱ्या जोडीच्या हे नेमके उलट होय.

केरळ आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यावरील वाळू वेगळी आहे, कारण तिचा जनक खडक वेगळा आहे. तेथील रूपांतरित खडकांमुळे वाळूत थोरियमयुक्त मोनाझाइट येते. १९०९ मध्ये शोंबर्ग या जर्मन रसायनज्ञाला त्रावणकोरहून निर्यात झालेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत ते आढळले. बेसाल्टमध्ये मोनाझाइट जवळपास नसते. म्हणून 'किनाऱ्याची जड वाळू' असा एकच शिक्का सर्व पुळणींवर मारता येत नाही. नियमांना मात्र असा शिक्का सोयीचा वाटतो. २०१६ च्या आण्विक खनिजविषयक नियमांत एकूण जड खनिजांतील मोनाझाइटच्या ०.७५ टक्के प्रमाणाची मर्यादा होती. २०१९ मध्ये ती शून्यावर आणली गेली. २०२३ च्या दुरुस्तीने 'टायटॅनियमयुक्त खनिजे' ही नोंद आण्विक खनिजांच्या यादीतून निघून महत्त्वाच्या व सामरिक खनिजांत गेली. या काळात पुळणीवरील एकही कण बदलला नव्हता.

किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या २०११ च्या अधिसूचनेतील एक तरतूद या संदर्भात लक्षपूर्वक वाचण्याजोगी आहे. या क्षेत्रात वाळू व खडकांच्या खननास तिने मनाई केली. अपवाद ठेवला तो क्षेत्राबाहेर उपलब्ध नसलेल्या दुर्मिळ खनिजांचा. कोकणातील इल्मेनाइट क्षेत्राबाहेर उपलब्ध आहे काय? खनिज म्हणून विचारले तर ते घाटमाथ्यापर्यंतच्या प्रत्येक कातळात आहे. धातुक म्हणून विचारले तर ते प्रामुख्याने पुळणीवरच सापडेल. 'उपलब्ध' या शब्दाचा अर्थ कोणत्या संज्ञेच्या आधारे लावायचा, हे ठरल्याशिवाय या अपवादाचा अर्थ लागत नाही. आणि ज्या पुळणीवर होड्या ओढल्या जातात, मासळी वाळत घातली जाते, तिच्यावर त्याचा परिणाम होतो.