चुंबकाने वेगळे होणारे उत्प्रेरक : गैरसमज आणि वस्तुस्थिती

स्वतः खर्ची न पडता अभिक्रियेचा वेग वाढवणाऱ्या पदार्थाला उत्प्रेरक म्हणतात. औषधनिर्मितीत वापरले जाणारे पॅलेडियमसारखे महाग उत्प्रेरक परत मिळवता यावेत, यासाठी मॅग्नेटाइट या चुंबकीय लोह-ऑक्साइडच्या अतिसूक्ष्म कणांवर कायटोसान या जैवबहुवारिकाचा लेप देऊन त्यावर धातू बसवला जातो.

गैरसमज : अभिक्रिया चुंबकामुळे घडते.
वस्तुस्थिती : कार्बन-कार्बन बंध जुळवणाऱ्या सुझुकी अभिक्रियेत, जिच्यासाठी अकिरा सुझुकी यांना २०१० च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा वाटा मिळाला, खरे काम पॅलेडियम करते. चुंबकाचे काम त्यानंतर सुरू होते : भांड्याला बाहेरून चुंबक लावला की काळसर कण त्या बाजूच्या काचेवर गोळा होतात आणि नितळ द्रावण ओतून घेता येते. मॅग्नेटाइटचे कण दहा-वीस नॅनोमीटरच्या घरातले असले, तर चुंबक दूर करताच त्यांचे चुंबकत्व जवळजवळ नाहीसे होते, म्हणून ढवळल्यावर ते पुन्हा विखुरतात.

गैरसमज : कायटोसान नैसर्गिक, म्हणून उत्प्रेरकही निर्धोक.
वस्तुस्थिती : कोळंबी-खेकड्यांच्या कवचांतील कायटिनवर तीव्र कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया करून कायटोसान मिळवतात आणि त्यातील अमिनो गट धातूला धरून ठेवतात, हे त्याचे खरे मोल आहे. मात्र ते सौम्य असेटिक आम्लातही विरघळत असल्यामुळे त्याच्या साखळ्या अनेकदा ग्लुटराल्डिहाइड या विषारी संयुगाने एकमेकींना जोडाव्या लागतात, आणि निकामी झालेल्या उत्प्रेरकाची विल्हेवाट धातुयुक्त कचरा म्हणूनच लावावी लागते.

गैरसमज : कण निघाले, म्हणजे द्रावणात धातू उरला नाही.
वस्तुस्थिती : चुंबक कण ओढतो, विरघळलेले पॅलेडियम नव्हे. अभिक्रिया अर्ध्यावर असताना गरम मिश्रणातून कण काढून द्रावण तसेच तापवत ठेवले आणि अभिक्रिया पुढे सरकत राहिली, तर धातू सुटल्याचे कळते. ती थांबली तरी निर्वाळा मिळत नाही, कारण सुटलेला धातू पुन्हा कणांवर बसू शकतो. तोंडावाटे घ्यायच्या औषधांतून दिवसाला १०० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त पॅलेडियम पोटात जाऊ नये, असा आंतरराष्ट्रीय दंडक असल्याने उत्पादनातील धातूचे प्रत्यक्ष मापन अपरिहार्य ठरते.

गैरसमज : पाच फेऱ्यांत उत्पादन तेवढेच मिळाले, म्हणजे उत्प्रेरक टिकाऊ.
वस्तुस्थिती : अभिक्रियेला भरपूर वेळ दिला, तर निम्मी क्षमता गमावलेला उत्प्रेरकही शेवटी तेवढेच उत्पादन देऊ शकतो, त्यामुळे प्रत्येक फेरीत अभिक्रिया अपुरी असतानाचा वेग मोजला तरच ऱ्हास दिसतो. सहज वेगळा होणे आणि दीर्घकाळ टिकणे हे दोन स्वतंत्र गुण आहेत, आणि ‘हरित’ हे विशेषण दोन्हींचा पुरावा मिळाल्यावरच द्यायला हवे.