बागेतला मुक्काम

‘डॉक्टर, आईंना एवढ्या लांब नेऊ का?’ परदेशी असलेल्या मुलांकडून हा प्रश्न मला दरवर्षी उन्हाळ्याच्या आधी हमखास विचारला जातो. एरवी मी नाडी, रक्तदाब, साखर पाहून उत्तर देतो. गेल्या मे महिन्यात मात्र हाच प्रश्न माझ्या घरी उभा राहिला. माझी आई ७९ वर्षांची. मधुमेह आणि रक्तदाब जुने, गुडघे झिजलेले. वडील गेल्यापासून दोन वर्षे ती उंबऱ्याबाहेर फारशी पडली नव्हती. माझा मुलगा फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील नीस या शहरात शिकतो. ‘एकदा त्याला डोळे भरून पाहते’, एवढेच तिचे मागणे होते.

नीसचे आणि रुग्णांचे नाते जुने आहे. टोबायस स्मॉलेट हा स्कॉटिश डॉक्टर व कादंबरीकार छातीच्या विकाराने त्रस्त होऊन १७६३ मध्ये तेथे येऊन राहिला. तेथील हवेविषयी त्याने लिहिलेले पुस्तक १७६६ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे थंडीत प्रकृतीसाठी येणाऱ्या इंग्रजांची रीघ लागली आणि त्यांच्याच पुढाकाराने समुद्रालगत पायवाट झाली. तीच आजची सुमारे सात किलोमीटरची ‘प्रोमनाद देझांग्ले’, म्हणजे इंग्रजांचा फिरण्याचा रस्ता. हिवाळी विश्रांतीचे शहर म्हणून युनेस्कोने २०२१ मध्ये नीसला जागतिक वारशाचा दर्जा दिला. एके काळी डॉक्टर जेथे विश्रांतीसाठी जा म्हणून सांगत, त्या गावी मी विश्रांतीच विसरलो, ती ही हकिगत.

मोठ्या हॉटेलाऐवजी आम्ही एक छोटे अतिथिगृह निवडले. मोजक्या खोल्या, पुढे बाग, लिंबाची झाडे, कुंपणावर बोगनवेल. छायाचित्रे पाहून मी भुललो आणि विचारायचे ते विचारलेच नाही. खोली दुसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद आणि लिफ्ट नाही! मालकीणबाई साठीच्या पुढच्या, समजूतदार. आईकडे एकवार पाहून त्यांनी बागेलगतची खालची खोली उघडून दिली. न्हाणीघरात उंच काठाचा टब होता. वृद्धांच्या पडण्याचे ते नेमके ठिकाण. आम्ही रबरी चटई अंथरली आणि आईने टबाबाहेर स्टुलावर बसून अंग पुसून घेणेच पसंत केले.

चूक घडली ती तिसऱ्या दिवशी. ‘आलोच आहोत तर’ या हव्यासाने मी सकाळी कूर सालेया हा फुलांचा आणि भाजीचा बाजार, दुपारी जुने शहर आणि सायंकाळी समुद्र असा बेत आखला. आईने दुपारी जेमतेम चार घास खाल्ले. मे महिन्यात तेथे सूर्य साडेआठनंतर मावळतो, त्यामुळे वेळेचे भान सुटते. सहा वाजता आम्ही जेवण शोधू लागलो, तेव्हा कळले की बहुतेक उपाहारगृहांचे स्वयंपाकघर सातनंतरच सुरू होते. किनाऱ्यावरच्या निळ्या खुर्चीत बसलेल्या आईला एकाएकी दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले आणि ती वडिलांना हाक मारू लागली. यंत्रावर साखर ५८ दिसली. रोज दहा रुग्णांना ‘खिशात साखर ठेवा’ असे बजावणाऱ्या माझ्या खिशात साखर नव्हती. ती खोलीवरच्या पिशवीत होती. मुलाने जवळच्या कॅफेतून साखरेच्या पुड्या धावत आणल्या. ती शुद्धीवर होती, गिळू शकत होती, म्हणून तीन चमचे साखर पाण्यातून दिली. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासता आकडा वर सरकला. त्या पंधरा मिनिटांत मी डॉक्टर नव्हतो. नुसता मुलगा होतो.

रात्री मी म्हणालो, ‘आई, तिकिटे बदलून परत जाऊ या.’ ती म्हणाली, ‘मी गाव बघायला आलेच नव्हते रे. तुम्ही दोघे हवे तिथे जाऊन या. मला इथे बागेत बसू दे.’

उरलेले सहा दिवस तसेच गेले. सकाळी लिंबाच्या सावलीत तिची खुर्ची. न्याहारीला पाव, जाम आणि गोड क्रोसाँ यांऐवजी आम्ही अंडे, चीज आणि साधे दही मागून घेतले. पहिल्याच सकाळी तिने कुंड्यांखालच्या बशांतले साचलेले पाणी ओतून टाकले. डेंग्यू पसरवणारा पट्टेरी डास आता त्या किनाऱ्यावरही आहे. स्थानिक लागणीचा डेंग्यू २०१० मध्ये नीसमध्ये आढळला होता. मालकीणबाई हसल्या आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी बशांत वाळू भरली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी शेंगा सोलण्यात तास जात असे. सायंकाळी नातू ‘सोक्का’ घेऊन येई. हरभऱ्याच्या पिठाचे, भट्टीत भाजलेले ते धिरडे आईला इतके आवडले की पुढे तिने ते घरी तव्यावर करून पाहिले. समुद्रकिनारा गोट्यांचा, उताराचा. पाय भिजवणे तिला झेपणारे नव्हते. मात्र किल्ल्याच्या टेकडीवर लिफ्टने जाऊन तिने सारा उपसागर एका नजरेत पाहिला. एका दिवशी एकच गोष्ट, तीही दुपारच्या झोपेनंतर!

वाचकहो, घरच्या ज्येष्ठांना नेणार असाल तर आधी मुक्कामाचे पाहा. खोली तळमजल्यावर आहे का, न्हाणीघराला उंच काठ आहे का, रात्री मदतीला कोणी असते का, हे लेखी विचारून घ्या. औषधे नेहमी हातातल्या पिशवीत ठेवा. इन्सुलिन सामानाच्या कप्प्यात गोठू शकते. चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव लिहून घ्या, कारण आपली व्यापारी नावे तेथे कोणी ओळखत नाही. उन्हाळ्यात तेथील घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते. इन्सुलिनच्या वेळा निघण्यापूर्वीच डॉक्टरांशी ठरवा. विमानात दर तासाला पोटऱ्या हलवा, शक्य तर चार पावले चाला. व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतोच. त्यात जुने आजार धरले आहेत का, ते वाचा. तातडीच्या मदतीसाठी ११२ आणि वैद्यकीय मदतीसाठी १५ हे क्रमांक ज्येष्ठांच्या खिशातही लिहून ठेवा. आणि साखर तुमच्या खिशात असू द्या.

आता कोणी ‘आईंना नेऊ का?’ असे विचारले, की मी तपासणी करतोच. पण त्याआधी विचारतो, ‘तिथे त्यांना निवांत बसायला जागा आहे का?’