पुस्तकातली 'मी' पडद्यावर गेली की काय होतं? : 'द हंगर गेम्स' आणि 'कॅचिंग फायर'



"पुस्तक चांगलं की सिनेमा?" हा प्रश्न वर्गात टाकला की दोन गट पडतात आणि तास संपेपर्यंत भांडण चालतं. बहुतेक वेळा ते "सिनेमात हे गाळलं, ते गाळलं" याच्या पुढे जात नाही. अहो, गाळणारच! चारशे पानांचं पुस्तक अडीच तासांत बसवायचं म्हणजे कात्री लागणारच. म्हणून आज जरा वेगळा प्रश्न घेऊ. पुस्तक जर 'मी'च्या तोंडून सांगितलेलं असेल, म्हणजे आपण ज्याला प्रथमपुरुषी निवेदन म्हणतो तसं असेल, तर कॅमेऱ्याने ती 'मी' आणायची कुठून? कॅमेरा चेहरा दाखवू शकतो, पण मनात चाललेलं बोलणं दाखवू शकत नाही.

यासाठी तुमच्यातल्या अनेकांनी पाहिलेली जोडी घेतली आहे. अमेरिकन लेखिका सुझान कॉलिन्स यांची 'द हंगर गेम्स' ही कादंबरी २००८ साली आली आणि तिचा पुढचा भाग 'कॅचिंग फायर' २००९ साली. पहिलीवरचा सिनेमा २०१२ मध्ये आला, दिग्दर्शक गॅरी रॉस. दुसरीवरचा २०१३ मध्ये, दिग्दर्शक फ्रान्सिस लॉरेन्स. नायिका दोन्हीकडे तीच, जेनिफर लॉरेन्स. (दिग्दर्शक आणि नायिका यांचं आडनाव एक असलं तरी नातं काही नाही, वर्गात हा प्रश्न येतोच.) म्हणजे लेखिका एक, कलाकार जवळपास तेच, पण दिग्दर्शक वेगळे आणि पटकथाकारही वेगळे. तुलनेला याहून चांगली जोडी कुठे मिळणार?

ज्यांनी वाचलं-पाहिलं नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात. ही 'डिस्टोपिया' प्रकारातली कादंबरी आहे, म्हणजे भविष्यातला असा समाज, जिथे सगळं वाईटाच्या टोकाला गेलेलं आहे. उत्तर अमेरिकेच्या जागी 'पॅनेम' नावाचं राष्ट्र. श्रीमंत राजधानी 'कॅपिटल' आणि तिच्यासाठी राबणारे बारा जिल्हे. जुन्या बंडाची शिक्षा म्हणून दरवर्षी प्रत्येक जिल्ह्यातून १२ ते १८ वयाचा एक मुलगा आणि एक मुलगी चिठ्ठी टाकून निवडायची, चोवीस जणांना एका मैदानात सोडायचं आणि एकच जण जिवंत उरेपर्यंत ते टीव्हीवर थेट दाखवायचं. सोळा वर्षांची कॅटनिस धाकट्या बहिणीऐवजी स्वतः पुढे होते. तिच्याबरोबर निवडला जातो पीटा, बेकरीवाल्याचा मुलगा. दोघं जिवंत परत येतात आणि दुसऱ्या भागात राष्ट्राध्यक्ष स्नो त्यांना पुन्हा मैदानात पाठवतो, कारण पंचाहत्तराव्या खेळांसाठी जुन्या विजेत्यांमधूनच नावं काढायची असं ठरतं.

कॉलिन्स यांनी सांगितलं आहे की, एका रात्री त्या टीव्हीचे चॅनल बदलत होत्या. एकीकडे रिॲलिटी शो, दुसरीकडे इराक युद्धाची दृश्यं. दोन्ही एकमेकांत मिसळायला लागली आणि तिथे कल्पना सुचली. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पुस्तकातली कॅटनिस काय करते?

दोन्ही कादंबऱ्या कॅटनिस सांगते, तेही वर्तमानकाळात. "मी चालते, मी बघते" अशा वाक्यांत. तिला जे दिसत नाही ते आपल्यालाही दिसत नाही. पण याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, मैदानात सगळीकडे कॅमेरे आहेत हे तिला ठाऊक आहे. त्यामुळे ती सतत दोन पातळ्यांवर जगते. चेहऱ्यावर एक, मनात दुसरं. पीटावर प्रेम असल्याचं ती दाखवते, कारण प्रेक्षक खूश झाले तर प्रायोजक पैसे देतील आणि वरून पॅराशूटने औषध, अन्न येईल. मनात मात्र हिशोब चालू असतो. आपल्याला खरंच काय वाटतंय, हे कधीकधी तिलाही कळत नाही.

वाचकाला हा हिशोब ऐकू येतो, कॅपिटलच्या प्रेक्षकांना नाही. वाचक आणि तो प्रेक्षक यांच्यात फरक असेल तर एवढाच!

आता सिनेमात बघा. ते मनातलं बोलणं काढून टाकलं की आपण कुठे बसतो? थेट कॅपिटलच्या प्रेक्षकांच्या शेजारी. आपणही तिचा चेहराच बघतोय, आपल्यालाही खरं-खोटं ठरवता येत नाही. दोन्ही दिग्दर्शकांपुढची खरी अडचण ही होती.

पहिला सिनेमा

गॅरी रॉस यांनी दोन उलट्या वाटा एकदम धरल्या. एक, कॅमेरा हातात धरून कॅटनिसच्या अगदी जवळ नेला. चित्र हलतं, अर्धवट दिसतं, ती जिकडे बघेल तिकडे वळतं. मैदानातली पहिली कापाकापी होते तेव्हा तर आवाजही जवळजवळ काढून टाकला आहे. घाबरलेल्या माणसाला जसं तुकड्यातुकड्यांत दिसतं, तसं आपल्याला दिसतं. हे 'मी'चं बऱ्यापैकी प्रामाणिक भाषांतर आहे असं मला वाटतं.

अनेकांना या हलत्या चित्राने डोकेदुखी झाली, ती तक्रार खोटी नाही. त्याचा आणखी एक परिणाम असा की मुलं मुलांना मारतात ते धड दिसतच नाही. कुमारवयीन मुलांना थिएटरात येता यावं ही गरजही त्यामागे होतीच. ब्रिटनमध्ये तर '१२ए' प्रमाणपत्र मिळावं म्हणून सात सेकंदांचं दृश्य कमी करावं लागलं. आता विचार करा, मुलांची हत्या करमणूक म्हणून बघणं किती भयंकर, हे सांगणारी गोष्ट. ती करमणूक म्हणून विकायची, तर ते भयंकरपण सौम्य करायला लागतं. हा पेच सिनेमाला सुटलेला नाही आणि कुणालाही सुटला असता असं मला वाटत नाही.

दुसरी वाट म्हणजे कॅटनिसला सोडून बाहेर जाणं. पुस्तकात नसलेली नियंत्रण कक्षातली दृश्यं सिनेमात आहेत. पांढऱ्याशुभ्र खोलीत बसून सेनेका क्रेन आणि त्याची माणसं बोटांनी बटणं दाबतात आणि तिकडे जंगल पेटतं. निवेदक सीझर फ्लिकरमन विषारी माश्यांची माहिती क्रिकेटच्या समालोचकासारखी देतो. पुस्तकात ही माहिती कॅटनिसच्या आठवणीतून येते. इथे ती टीव्हीवाला देतो, म्हणजे आपण त्याचेच प्रेक्षक झालो. हुशार युक्ती आहे ही.

पण एक युक्ती मात्र मला खटकते. पुस्तकात मार्गदर्शक हेमिच कॅटनिसला एक शब्दही कळवू शकत नाही. ती पीटाचं चुंबन घेते आणि लगेच गरम सूप येतं. त्यावरून ती ओळखते की अच्छा, त्याला असं हवंय तर! दोन हुशार माणसांचं हे मुकं बोलणं वाचताना मजा येते आणि अंगावरही येतं. सिनेमात सूपाबरोबर हेमिचची चिठ्ठीच येते. अर्थ सगळ्यांना कळतो, पण कॅटनिसची बुद्धी वाया जाते. जे तिने ताडायचं, ते तिला लिहून दिलं.

आता रूचा प्रसंग. रू म्हणजे अकराव्या जिल्ह्यातली बारा वर्षांची चिमुरडी, कॅटनिसची सोबतीण. ती मरते तेव्हा कॅटनिस तिला फुलांनी सजवते आणि डाव्या हाताची मधली तीन बोटं ओठांना लावून पुढे करते. बाराव्या जिल्ह्यात ही खूण आदराची आणि प्रेमाच्या माणसाच्या निरोपाची. पुस्तकात हा हात रूकडे आहे. मग अकरावा जिल्हा गुपचूप एक पाव पाठवतो. उपाशी लोकांनी दुसऱ्या जिल्ह्याच्या मुलीला पाठवलेला पाव. सिनेमात कॅटनिस लपवलेल्या कॅमेऱ्याकडे वळते आणि हात त्याच्याकडे करते. लगेच अकराव्या जिल्ह्यात लोक हात वर करतात, दंगल पेटते, धान्याची पोती फुटतात. पाव गायब!

सिनेमा म्हणून दंगलीचं दृश्य जोरदार आहे. पण निरोपाची खूण तिथे बंडाची झाली, आणि जाणता-अजाणता कॅटनिस नेता झाली. पुस्तकात तिला हे काही कळलेलंही नसतं.

जाता जाता एक सांगून टाकतो. पहिल्या सिनेमात भूक दिसत नाही. नावातच भूक आहे, 'पॅनेम' हा शब्दसुद्धा लॅटिनमध्ये भाकरी-पावासाठीचा. पुस्तकात पोटाची खळगी भरायला मुलं वर्षभराच्या धान्याच्या बदल्यात स्वतःचं नाव जास्त वेळा चिठ्ठ्यांमध्ये टाकतात. कॅटनिसचं नाव २० वेळा, तिचा मित्र गेल याचं ४२ वेळा. हा क्रूर व्यवहार सिनेमात एका-दोन वाक्यांत उरकला आहे. खाणकामगारांच्या वस्तीतले चेहरे मळलेले आहेत, पण उपाशी वाटत नाहीत.

दुसरा सिनेमा

'कॅचिंग फायर'ला पैसा जास्त होता आणि तो दिसतो. हलता कॅमेरा गेला, चित्र स्थिर झालं. मैदानातला भाग आयमॅक्स कॅमेऱ्यांवर घेतला, त्यामुळे आयमॅक्स थिएटरात कॅटनिस नळीतून वर येते तेव्हा पडदाच वरखाली मोठा होतो. पण माझ्या मते सुधारणा भव्यपणात नाही, 'मी' हाताळण्यात आहे.

पुस्तकात कॅटनिसच्या मनावरच्या जखमा ती स्वतः सांगते. सिनेमा सुरू होतो शिकारीने. ती पक्ष्यावर बाण सोडते आणि क्षणभर तिला दिसतो तिने मैदानात मारलेला मुलगा. एकही वाक्य न बोलता आपण तिच्या डोक्यात गेलो! पहिल्या सिनेमातल्या चिठ्ठीपेक्षा ही रीत कितीतरी वरची.

बाहेरची दृश्यं इथेही आहेत, पण त्यांचं काम बदललं आहे. नवा खेळप्रमुख प्लुटार्क हेवन्सबी आणि स्नो यांच्या बैठका आपल्याला दाखवतात. लोकांच्या नजरेतून कॅटनिसला उतरवायचं कसं, याचे सल्ले प्लुटार्क देतो. एकीकडे फटके दाखवा, दुसरीकडे तिचा लग्नाचा पोशाख दाखवा. आपण त्याला पक्का खलनायक समजतो. शेवटी कळतं की तो बंडखोरांचा माणूस आहे. (ज्यांनी पाहिलं नाही त्यांनी मला माफ करा.) पुस्तकात प्लुटार्क मेजवानीत भेटतो, घड्याळावरची पक्ष्याची खूण दाखवतो आणि निघून जातो, कॅटनिसला काही उमगत नाही. घड्याळाचा हा धागा सिनेमाने टाकून दिला.

फरक लक्षात आला का? पहिला सिनेमा कॅटनिसच्या डोक्याबाहेर जातो तो आपल्याला सत्य सांगायला. दुसरा बाहेर जातो तो आपल्याला फसवायला. कादंबरीत कॅटनिस शेवटी म्हणते की माझा प्याद्यासारखा वापर झाला. तो राग तिच्या एकटीचा असतो. सिनेमात आपणही फसलेलो असतो, म्हणून तो थोडा आपलाही होतो. शेवटच्या दृश्यात कॅमेरा फक्त तिच्या चेहऱ्यावर आहे. रडणं, मग धक्का, मग संताप, संवाद एकही नाही.

तरी इथेही खटकणाऱ्या जागा आहेत. पुस्तकात गेलला फटके मिळतात ते रानटी टर्की मारल्याबद्दल, म्हणजे पोटासाठी केलेल्या चोरीबद्दल. सिनेमात तो एका म्हातारीला वाचवायला शिपायावर धावून जातो. त्यामुळे गेल शूर दिसतो हे खरं, पण एका पक्ष्यासाठी पाठ सोलली जाते ही मूळ गोष्ट जास्त भयानक होती. मेजवानीचं दृश्य मात्र नेमकं उतरलं आहे. पोट भरलं की उलटी व्हावी म्हणून एक पेय प्यायचं आणि पुन्हा खायला बसायचं. पीटाच्या चेहऱ्यावर जे येतं त्यात पहिल्या सिनेमात हरवलेली भूक सापडते.

आणि एक विचित्र गोष्ट. याच सिनेमाच्या वेळी अमेरिकेत एका प्रसिद्ध ब्रँडने कॅपिटलच्या नावाने मेकअपचा संच बाजारात आणला होता. ज्या शहराची किळस यावी म्हणून पुस्तक लिहिलं, त्याचीच लिपस्टिक! कॉलिन्स त्या रात्री चॅनल बदलत होत्या तो प्रसंग आठवा.

पण पडद्यावरून दुसरंही काही बाहेर आलं. थायलंडमध्ये मे २०१४ मध्ये लष्कराने सत्ता घेतली, तेव्हा तरुणांनी निषेध म्हणून तीच तीन बोटं वर केली. नोव्हेंबरमध्ये पुढचा सिनेमा आला तेव्हा ही खूण करणाऱ्या विद्यार्थ्यांना ताब्यात घेतलं गेलं. २०२१ मध्ये म्यानमारमध्ये लष्कराविरुद्ध डॉक्टर आणि परिचारिकांनीही तोच हात वर केला. मी वर तक्रार केली होती की सिनेमाने निरोपाची खूण बंडाची केली. ती तक्रार मी मागे घेत नाही, पण रस्त्यावर आली ती सिनेमातली खूण, हे मान्य करावंच लागतं.

स्वाध्याय एकच देतो. रूच्या मृत्यूचा प्रसंग आधी पुस्तकात वाचा, मग सिनेमात बघा. त्यानंतर तोच प्रसंग पीटाच्या 'मी'मधून दहा ओळींत लिहा. त्या वेळी तो नदीकाठी चिखलात, जखमी अवस्थेत लपून पडलेला आहे, एवढं ध्यानात ठेवा. म्हणजे त्याला यातलं काय कळलं असेल, हे तुम्हाला आधी ठरवावं लागेल.