नात्याची गुणवत्ता

अमेरिकेत कुळ विचारीत नाहीत, कर्तृत्व विचारतात, अशी आपल्याकडील सुशिक्षितांची जुनी श्रद्धा आहे. हार्वर्ड विद्यापीठाविरुद्ध २०१८ साली चाललेल्या खटल्याने या श्रद्धेला तडा गेला. ज्यांच्या आईवडिलांपैकी कोणी तेथे शिकले होते, अशा शंभर अर्जदारांपैकी सुमारे तेहतीस जणांना प्रवेश मिळे; इतरांपैकी अवघ्या सहांना. ही मुले मंद होती, असे आम्ही म्हणत नाही. परंतु अशा नात्याला आपण वजन देतो, हे विद्यापीठानेही नाकारले नाही.

या रिवाजाचे मूळ शोभादायक नाही. १९२० नंतर ज्यू विद्यार्थी परीक्षेच्या बळावर पुढे येऊ लागले, तेव्हा जुन्या विद्यापीठांना एकाएकी 'चारित्र्य', 'व्यक्तिमत्त्व' आणि घराणे यांचे महत्त्व पटले. गुणांनी जे दार उघडले, ते या निकषांनी पुन्हा लोटून घेतले.

आज नात्याच्या जोडीला खाजगी शाळाही उभी आहे. राज चेट्टी व त्यांचे सहकारी यांनी २०२३ साली दाखवून दिले, की चाचणीत सारखेच गुण मिळवूनही अतिश्रीमंत एक टक्क्यातील मूल अशा निवडक विद्यापीठांत शिकण्याचा संभव मध्यमवर्गीय मुलाच्या दुपटीहून अधिक असतो. घराण्याचा वारसा, खेळाडूंची निवड आणि अभ्यासेतर गुणांचे मूल्यमापन ही त्याची तीन मुख्य कारणे. यांपैकी तिसऱ्यात खाजगी शाळांचा हात मोठा. आम्ही काही वर्षे वर्गावर शिकविले आहे. साठ मुलांच्या शिक्षकाला प्रत्येकाविषयी दोन खरी वाक्ये लिहिणेही कठीण जाते. जेथे मोजक्या मुलांमागे खास सल्लागार असतो, तेथे प्रत्येकाचे गुणवर्णन सजून निघते. गंमत अशी, की पुढील आयुष्यातील यशाशी त्या सवलतींचा मेळ बसत नाही. परीक्षेतील गुणांचा बसतो.

२०२३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंशाचा विचार निषिद्ध ठरविला; वंशावळीचा मात्र राहू दिला! कॅलिफोर्नियाने २०२४ साली कायद्याने खाजगी विद्यापीठांतील ही प्रथा बंद केली, तेव्हा स्टॅनफर्डने राज्याच्या विद्यार्थिसाहाय्यावर पाणी सोडले, पण प्रथा सोडली नाही. उलट, जॉन्स हॉपकिन्सने ती आपणहून टाकली. तेव्हा मनात आणले तर हे अशक्य नाही.

आपण यावर हसण्याचे कारण नाही. अनिवासी भारतीयांच्या राखीव जागांवर त्यांच्या काका-मामांच्या नात्यातील मुलांनाही बसविण्याचा पंजाब सरकारचा बेत २०२४ साली न्यायालयांनी हाणून पाडला. 'आपला माणूस' शोधण्याची खोड सर्वत्र सारखीच.

बापाने मुलाला घर द्यावे, ग्रंथ द्यावेत, संस्कार द्यावेत. त्याला कोणाची हरकत? परंतु विद्यापीठातील जागा ही बापाची मिळकत नव्हे. ती वारसाहक्काने दिली जाते, तेव्हा कोणा अनाम मुलाचे नाव यादीतून गळते. त्याची बाजू मांडणारे शिफारसपत्र कोणी लिहीत नाही.